बलून पंप, इम्पेला की एकमो? आयसीयूबाहेर बसून ठरवताना

हृदयाचं पंपिंग १५ टक्क्यांवर आलंय, बीपी औषधांवर कसंबसं टिकलंय, लघवी जवळपास थांबलीय. मोठ्या हार्ट अटॅकनंतर पेशंट या अवस्थेला पोचला की त्याला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. मग नातेवाइकांच्या कानावर हृदयाला आधार देणाऱ्या यंत्रांची तीन नावं येतात: बलून पंप, इम्पेला, एकमो. पाठोपाठ आम्हा आयसीयूवाल्यांना ठरलेला प्रश्न येतो, "यातलं सगळ्यात पॉवरफुल कुठलं? तेच लावा." जीव टांगणीला लागलेला असताना दुसरं काय सुचणार म्हणा. पण मशीन किती लिटर रक्त ढकलतं हे पाहून निवड केली की हमखास फसगत होते. आपला पेशंट कुठल्या गटातला आहे, हे आधी पाहायचं.

बलून पंप या तिघांत सर्वांत जुना. अमेरिकेत एड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ साली तो पहिल्यांदा पेशंटला लावला. जांघेतल्या धमनीतून एक लांबट फुगा वर महाधमनीत नेऊन ठेवतात, मोठ्या माणसाला साधारण ४० मिलीचा. हृदय सैल पडलं की फुगा हेलियमने भरतो आणि रक्त हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांकडे रेटतो. पुढचा ठोका पडायच्या बेतात असताना तो रिकामा होतो, म्हणजे हृदयाला तेवढा जोर कमी लावावा लागतो. हेलियम यासाठी की तो हलका, बारीक नळीतून झटकन आत-बाहेर होतो. मॉनिटरवर बीपीच्या रेघेकडे पाहिलंत तर एका ठोक्याला दोन उंचवटे दिसतील, दुसरा फुग्याचा.

एवढं करून मिळतं काय, तर मिनिटाला जेमतेम अर्धा लिटर जास्त रक्त. माणसाला पडल्यापडल्या पाचेक लिटर लागतं. शिवाय हृदयाचा स्वतःचा ठोका नसेल तर फुग्याचा उपयोग नाही. जर्मनीत ६०० पेशंटवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले: ३० दिवसांत बलून लावलेल्यांपैकी ३९.७ टक्के दगावले, न लावलेल्यांपैकी ४१.३ टक्के. म्हणजे फरक नाहीच. त्यानंतर युरोपातल्या तज्ज्ञांनी शॉकमध्ये सरसकट बलून लावू नका, असं सांगितलं.

तरी तो लावला जातो, आणि प्रत्येक वेळी ते चूक असतं असं नाही. अटॅकनंतर हृदयाच्या आतल्या पडद्याला भोक पडलं, किंवा झडपेला धरून ठेवणारा स्नायू तुटला, तर ऑपरेशनपर्यंत पेशंटला तगवायला बलून खरोखर कामाचा आहे. तो स्वस्त आहे, नळी बारीक आहे, आणि कल्याण-वसईच्या बऱ्याच हॉस्पिटलांतही मिळतो. पण साध्या शॉकसाठी "बलून टाकलाय, आता बघू" असं कुणी म्हणालं, तर त्यावर फार विसंबू नये.

आता इम्पेला. सगळा वाद इथेच आहे, म्हणून जरा थांबून बोलू. हा फुगा नसून खरोखरचा पंप आहे. जांघेतूनच नळी वर जाते, महाधमनीची झडप ओलांडून डाव्या कप्प्यात उतरते. टोकाजवळ पेन्सिलीपेक्षा बारीक पंप असतो. सीपी नावाच्या मॉडेलमध्ये तो मिनिटाला ४६,००० फेऱ्यांपर्यंत फिरतो, डाव्या कप्प्यातलं रक्त खेचतो आणि झडपेच्या पलीकडे महाधमनीत सोडतो. मिनिटाला साडेतीन-चार लिटर. हृदयाचं काम तो स्वतःच्या अंगावर घेतो, त्यामुळे आतला दाब उतरतो. तंत्र जर्मनीतल्या आखेन शहरातलं. पुढे ॲबिओमेड या अमेरिकन कंपनीने ते घेतलं, आणि २०२२ मध्ये ती कंपनी जॉन्सन अँड जॉन्सनने विकत घेतली.

बरीच वर्षं इम्पेला भक्कम पुराव्याशिवायच वापरला जात होता. २०२४ मध्ये डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या डेंजर-शॉक चाचणीचे आकडे आले. १८० दिवसांत इम्पेला गटातले ४५.८ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांच्या गटातले ५८.५ टक्के. म्हणजे साधारण आठ जणांना पंप लावला तर एकाचा जीव वाचतो. या आजारात हा आकडा मोठा आहे. पण त्याच चाचणीतले दुसरे आकडे नातेवाइकांना क्वचित सांगितले जातात. डायलिसिस लागलेले ४२ टक्के, विरुद्ध २७. बऱ्यापैकी रक्तस्राव २२ टक्के, विरुद्ध १२. पायाचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रकार ५.६ टक्के, विरुद्ध १.१.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे चाचणीत कोणाला घेतलं होतं. इसीजीवर स्पष्ट दिसणारा मोठा अटॅक, शॉकची खात्री, रक्तातलं लॅक्टेट (शरीराला रक्त-ऑक्सिजन कमी पडत असल्याची खूण) वाढलेलं. हृदय बंद पडून सुरू केलेलं पण शुद्धीवर न आलेले पेशंट वगळले होते. उजव्या बाजूचं हृदय पार थकलेलेही वगळले होते. एवढ्या चाळणीमुळे साडेतीनशेच्या आसपास पेशंट मिळवायला दहा वर्षं लागली, आणि त्यांतले सुमारे चार पंचमांश पुरुष होते. त्यामुळे "इम्पेलाने जीव वाचतात" हे वाक्य याच गटासाठी खरं आहे. दोन दिवस छातीत दुखणं अंगावर काढून, तीन हॉस्पिटलं फिरून आलेल्या, डायबेटिसने पायाच्या धमन्या आक्रसलेल्या पंचाहत्तरीच्या आजोबांना ते जसंच्या तसं लावता येत नाही. महाधमनीची झडप कृत्रिम, धातूची असेल किंवा डाव्या कप्प्यात गुठळी असेल, तर इम्पेला बसवताच येत नाही.

पंप बसल्यावरही निवांत बसता येत नाही. तो पाय सरळच ठेवावा लागतो. पाऊल गार पडलंय का, फिकं दिसतंय का, नाडी लागते का, हे सिस्टर पुन्हा पुन्हा बघत राहतात. बोटाला नाडी लागली नाही तर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह टिपणारं यंत्र) लावतात. लघवीच्या पिशवीवर नजर असते: ती कोलाच्या रंगाची दिसू लागली, तर पंपाच्या वेगात रक्तपेशी फुटताहेत असा संशय. मग इको करून पंपाचं तोंड जागेवर आहे का ते पाहतात. सीपीचं झडपेच्या साधारण साडेतीन सेंटिमीटर खाली हवं. हे रात्री तीनलाही करणारा माणूस हॉस्पिटलात आहे का, हे जरूर विचारा. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा इम्पेला लावणाऱ्या जागी माझ्या घरचं माणूस असतं, तर मी दहा वेळा विचार केला असता.

एकमोबद्दल थोडक्यात. शिरेतून रक्त बाहेर काढायचं, यंत्रात त्याला ऑक्सिजन द्यायचा आणि धमनीतून परत सोडायचं. चार-पाच लिटर सहज, आणि फुप्फुसांचं कामही होतं. म्हणून आकड्यांत तोच सर्वांत तगडा दिसतो. पण रक्त खालून वर, हृदयाच्या दिशेने रेटलं जातं. बाहेरून कोणी दाराला खांदा लावून उभं असताना आतून दार उघडावं, तशी थकलेल्या डाव्या कप्प्याची गत होते. तो फुगू नये म्हणून कधीकधी सोबत इम्पेलाही लावावा लागतो, म्हणजे दोन बिलं. अटॅकच्या शॉकमध्ये एकमो सरसकट लावून पाहणाऱ्या २०२३ च्या चाचणीत ३० दिवसांचे मृत्यू एकमो गटात ४७.८ आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ४९ टक्के निघाले. फायदा नाही, रक्तस्राव मात्र दुपटीहून जास्त. माझ्या मते एकमो राखून ठेवावा तो हृदय बंदच पडतंय, दोन्ही बाजू थकल्यात किंवा फुप्फुसंही गेलीत अशांसाठी. व्हायरल मायोकार्डायटिस (विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला येणारी सूज) झालेल्या तरुण पोरांचं हृदय काही दिवसांत आपणहून सावरू शकतं. तिथे एकमोसाठी झटावं.

वर्षानुवर्षं पंपिंग २० टक्के असलेला पेशंट हे वेगळं प्रकरण. त्याचं हृदय चार दिवसांत सुधारणार नसतं. तिथे आधी विचारायचं की प्रत्यारोपण किंवा कायमचा एलव्हॅड (डाव्या कप्प्याला जोडायचा, शरीरात बसवलेला पंप) शक्य आहे का, झेडटीसीसीच्या (अवयव वाटप ठरवणाऱ्या समितीच्या) यादीत नाव लागेल का. दोन्हींना नकार असेल, तर पंप लावल्यावर तो काढायचा कधी आणि कसा, हे कोणालाच सांगता येत नाही. ठरवून करायच्या अवघड अँजिओप्लास्टीसाठी कोणी इम्पेला सुचवला असेल, तर घाई नसते. बायपास करणाऱ्या सर्जनचं मत घेऊन या.

पैशांचं बोलायलाच हवं. इम्पेलाचं नुसतं उपकरण वीस लाखांच्या पुढे जातं आणि ते एकदाच वापरायचं असतं. दोन तासांत काढलं तरी बिल पूर्ण. आयसीयू आणि डायलिसिस वेगळं. मेडिक्लेम पाच-दहा लाखांचा असेल, तर टीपीएकडून (विमा कंपनीतर्फे दावे पाहणाऱ्या संस्थेकडून) उपकरणाची मंजुरी लेखी मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आहे. त्यातून काय मिळेल ते आरोग्यमित्राला (योजनेच्या हॉस्पिटलातल्या प्रतिनिधीला) विचारा, महापालिकेच्या हॉस्पिटलात समाजविकास अधिकाऱ्यालाही गाठा. घर विकून पंप लावायचा का, असं कोणी मला विचारलं तर मी पेशंट डेंजर-शॉकच्या गटात बसतो का ते विचारते. बसत नसेल तर नका विकू.

आणि पेशंट डोंबिवलीत किंवा विरारमध्ये असेल, इम्पेला मुंबईत असेल, तर पहिल्या काही तासांतच निर्णय घ्या. बंद पडलेली धमनी तिथेच उघडता येत असेल तर आधी ती उघडून घ्या. लॅक्टेट चढत चाललंय आणि बीपीचं दुसरं-तिसरं औषध सुरू झालंय, अशा वेळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्याला अर्थ नाही. लवकर निघायचं असेल तर डॉक्टर सोबत असलेली कार्डिॲक ॲम्ब्युलन्स घ्या, आणि पुढच्या हॉस्पिटलात बेड, कॅथ लॅब (अँजिओप्लास्टीची खोली) आणि पंप तिन्ही तयार आहेत हे तिथल्या डॉक्टरांशी इथल्या डॉक्टरांनीच फोनवर बोलून नक्की करू दे.