७० तपासण्यांचं पॅकेज की मोजक्या चार?

चाळिशीतल्या, काही त्रास नसलेल्या माणसाने काय करावं? दोन हजारांच्या आसपास ‘फुल बॉडी’ पॅकेज मिळतं, सकाळी घरी येऊन रक्त नेतात. दुसरीकडे, डॉक्टरांकडे जाऊन बीपी, वजन आणि कमरेचा घेर मोजायचा, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) बघायची, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे) करायचं. यात मोजक्याच गोष्टी, म्हणून ते अपुरं वाटतं.

आधी त्या ७० आकड्याचं बघू. एका सीबीसीतच (रक्तपेशींची मोजणी) वीसेक आकडे येतात आणि लॅब ते सुटे मोजते. लिव्हरचे आठ-दहा, लिपिडचे सात-आठ. म्हणजे खऱ्या तपासण्या आठ-दहाच असतात.

पैशांत फरक दिसतो तेवढा मोठा नाही. थायरॉइड, किडनी, सीबीसी हे डॉक्टरांनी सांगितलेलंच असेल, तर सुटं करण्यापेक्षा पॅकेज स्वस्त पडतं. मधुमेह असलेल्यांना एचबीएवनसी आणि किडनीसाठी क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन हे लागतंच. त्यांनी छोटं डायबेटिस पॅकेज खुशाल घ्यावं. प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत ५,००० रुपयांपर्यंतच्या तपासणीला सवलतही आहे, पण केवळ त्यासाठी रक्त देऊ नये.

खरा खर्च रिपोर्टनंतर सुरू होतो. ‘नॉर्मल’ची चौकट बहुधा अशी आखतात की १०० निरोगी माणसांतली ९५ तिच्यात बसतात. उरलेली ५ निरोगीच, पण चौकटीबाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या धडधाकट माणसाच्या केल्या, तर किमान एक आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता ६४ टक्के! आमच्या मेहुण्यांच्या पॅकेजमध्ये सीईए हा ट्यूमर मार्कर, म्हणजे काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारा घटक, होता. तो थोडा वर आला. मग सीटी स्कॅन, कोलोनोस्कोपी, दोन आठवडे घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. निघालं काहीच नाही. सिगारेट ओढणाऱ्यांत सीईए तसाही थोडा वर असतो, हे नंतर कळलं. सिगारेट अजून चालू आहे.

सोनोग्राफीवालं महाग पॅकेज घेताना दक्षिण कोरिया आठवावा. तिथे तपासणीसोबत थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या १५ पट झालं. मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. गळ्यावर शस्त्रक्रिया आणि जन्मभराच्या गोळ्या मात्र हजारोंच्या वाट्याला आल्या.

पॅकेजच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. सरसकट आरोग्य तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत, असं सांगणारा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०१९ चा आढावा अडीच लाख लोकांवरच्या अभ्यासांवर उभा आहे. पण ते अभ्यास मुख्यतः युरोप-अमेरिकेतले. आपल्याकडे साखर वाढलेली असून पत्ताच नसलेली माणसं घरोघरी आहेत. पॅकेजच्या निमित्ताने का होईना, त्यांची साखर कळते. फक्त त्यासाठी उरलेले ६५ आकडे लागत नाहीत.

शिवाय काही उपयोगी तपासण्या रक्ताच्या बाटलीत नसतातच. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर तोंडाचा. तंबाखू खाणाऱ्याचं तोंड उघडून बघायला दोन मिनिटं लागतात. बायकांसाठी गर्भाशयमुखाची तपासणी. तिशीपुढच्यांसाठी बीपी, साखर, तोंड, स्तन, गर्भाशयमुख या तपासण्या सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. जवळच्या आरोग्य केंद्रात कोणती कधी होते ते विचारून जावं.

माझा कौल मोजक्या तपासण्यांना. पॅकेज घेतलंच असेल आणि एखादा आकडा जरासा बाहेर दिसला, तर स्कॅनकडे धावण्याआधी डॉक्टरांना मागचा रिपोर्ट दाखवा आणि तेवढीच तपासणी काही दिवसांनी पुन्हा केली तर चालेल का, हे विचारा.