फायनल इयरला ड्रायर करताय? सौर, विजेचा की हीट पंपाचा

ड्रायरचा, म्हणजे भाज्या-फळं वाळवायच्या यंत्राचा, प्रोजेक्ट घेतलेली टीम पहिल्या आठवड्यात ‘सौर की विजेचा’ यावर भांडते. आम्हीही भांडलो. त्याआधी पाण्याचा हिशोब करायला हवा होता. कांद्यात साधारण ८५ टक्के पाणी असतं. १० किलो चकत्या खडखडीत वाळल्या की जेमतेम दीड-पावणेदोन किलो उरतात. म्हणजे सव्वाआठ किलोच्या वर पाणी उडवायचं. किलोभर पाण्याची वाफ करायला ०.६५ युनिटच्या आसपास लागतात, म्हणजे निव्वळ साडेपाच युनिट. वर्कशॉपमध्ये ठोकलेलं कपाट गळतं, तेव्हा बारा युनिट धरा.

आता सौर. आपल्याकडे चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ५ युनिटच्या आसपास ऊन पडतं. त्यातलं पाव कामी आलं तरी दोन किलो पाणी उडालं. दहा किलो कांदा एका दिवसात वाळवायला ऊन गोळा करणाऱ्या कलेक्टरला चार-साडेचार चौरस मीटर काच लागणार. वीजबिल मात्र शून्य. मुंबईच्या आयसीटीमधल्या (रसायन तंत्रज्ञान संस्था) विद्यार्थ्यांनी सोलर कंडक्शन ड्रायर केला, २०१३ मध्ये डेलच्या सोशल इनोव्हेशन स्पर्धेत पहिला नंबर काढला. त्यांची कंपनी एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज पुढे पर्यावरणासाठीचं २०२३ चं अर्थशॉट पारितोषिक घेऊन आली. तेव्हा सौरला कमी लेखू नका. अडचण वेगळीच आहे: जुलै-ऑगस्टमध्ये ट्रायल होत नाहीत आणि कालचं रीडिंग आज येत नाही. व्हायवाला परीक्षक नेमकं तेच विचारतात.

विजेच्या ट्रे ड्रायरला दीड किलोवॉटची कॉइल, ब्लोअर, थर्मोस्टॅट, बस. पावसाळी हवासुद्धा चालते: ३० अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली येते. खरी डोकेदुखी हवा सगळीकडे सारखी फिरवण्याची. आमचा खालचा ट्रे कुरकुरीत झाला तेव्हा वरचा अजून लिबलिबीत होता. घाई म्हणून तापमान ७५ वर नेलं. चकत्या तांबूस झाल्या, वरून कडक आणि आत ओल्या. पिशवीत भरल्या तर दोन दिवसांत पिशवीला आतून घाम. नंतर ५५-६० अंश, तीन मिलिमीटरची चकती आणि तासातासाला ट्रेची अदलाबदल, एवढ्यावर निभावलं. दर अर्ध्या तासाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घ्या, तोच तुमचा आलेख.

हीट पंप (फ्रीजसारखाच कॉम्प्रेसर आणि गॅस, पण ओल्या हवेतलं पाणी काढून तीच हवा पुन्हा तापवणारा) कागदावर सगळ्यात देखणा. नीट जमला तर एका युनिटमध्ये दीड-दोन किलो पाणी काढतो, शिवाय ४५ अंशांवर मेथीचा हिरवा रंग टिकतो. पण व्हॅक्यूम काढणं, ब्रेझिंग (नळ्यांचे सांधे तापवून जोडणं), गॅस भरणं यातलं करून पाहिलेलं कुणी टीममध्ये नसेल तर सोडून द्या. दोन सेमिस्टर कॉम्प्रेसरपाशीच जातील.

माझं मत विचाराल तर पहिल्या सेमिस्टरला विजेचा करा, आकडे हातात घ्या, मग त्याच कपाटाला सौर कलेक्टर जोडा. यंत्र कोकणातल्या बचत गटाला द्यायचं असेल तर हा जोडप्रकारच हवा. आमसुलं मे महिन्यात वाळत घालतात, आणि वळीव आला की अंगणभर धावपळ. त्या वेळी हीटर उपयोगी पडतो. फक्त कोकमासाठी स्वस्तातली गॅल्व्हनाइज्ड जाळी लावू नका, आंबटपणा जस्त खातो. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची जाळी घ्या, बजेट तिथेच वाढेल.