मॉर्डहाउ की फॉर ऑनर: हूल कुठे जास्त मुरलेली?

भांडुपला घरी पोचून जेवण उरकेपर्यंत साडेदहा होतात. हातात तासभर उरतो. तेवढ्यात तलवारबाजीचा एकच मल्टिप्लेअर गेम धरायचा तर 'मॉर्डहाउ' (2019) की 'फॉर ऑनर' (2017)? ऑफिसातल्या दोघांनी विचारलं, म्हणून नीट लिहितो.

फॉर ऑनरमध्ये पवित्रे तीन: वर, डावा, उजवा. वार ज्या बाजूने येतो त्या बाजूचा पवित्रा धरला की तो अडतो. ऐकायला सोपं, पण बरेच हलके वार 500 मिलिसेकंदांत पोचतात, काही त्याआधीही. दिसलेलं ओळखून बोट हलायलाच साधारण 250 जातात. त्यात पिंगचे (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परतायला लागणारा वेळ) 100 धरले की डोळ्यांपेक्षा अंदाजावर भिस्त ठेवावी लागते. निवडायला तिसाहून जास्त हिरो, म्हणजे योद्धे, प्रत्येकाचे डाव निराळे. बरीचशी मेहनत ते ओळखण्यातच जाते.

मॉर्डहाउमध्ये वार कधी लागणार हे मारणाऱ्याच्या मनगटात असतं. आडवा वार सोडून माउस त्याच दिशेने फिरवला की पातं लवकर लागतं. उलटा फिरवला की तेच पातं रेंगाळत येतं. याला ड्रॅग म्हणतात. ढाल नसेल तर पॅरी, म्हणजे शस्त्राने वार अडवणं, धरून ठेवता येत नाही, क्षणभरच टिकते. घाई केलीत तर पॅरी संपते आणि मग तलवार पोचते. वार अर्ध्यात सोडून हूल देता येते, आडव्या वाराची भोसक करता येते, पण त्याला स्टॅमिना लागतो. तो संपला असताना वार अडवला तर शस्त्र हातातून गळतं.

परवा एका लाँगस्वोर्डवाल्याने मला तीनदा एकाच ड्रॅगने पाडलं. चौथ्यांदा मी पात्यावरची नजर काढून त्याच्या खांद्यावर ठेवली. ड्रॅग करताना तो किंचित पाठ वळवायचा. पॅरी उशिरा दाबली, वार अडला. मी खुर्चीतून उठलोच!

म्हणून माझं मत मॉर्डहाउला. मात्र जुने खेळाडू मुरलेले आहेत, पहिले वीस-तीस तास नुसता मार खाल. सर्व्हरच्या यादीत पिंग दिसतो, जवळचाच निवडा. तेवढी चिकाटी नको असेल आणि ठरलेले डाव शिकत जाणं आवडत असेल, तर फॉर ऑनर घ्या. शनिवारी मित्रांबरोबर 64 जणांची धुमश्चक्री हवी असेल तर 'शिव्हलरी 2' बरा. तिथे ब्लॉक धरून ठेवता येतो.

मॉर्डहाउ घेतलात तर आधी ड्युएल (एकास एक लढतीच्या) सर्व्हरवर जा, आणि पहिला आठवडा फक्त पॅरी करा.