चिकणमाती की प्लॅस्टिसिन?

मॉडेल करून विज्ञान शिकवायचं ठरलं, पण साधी चिकणमाती घ्यावी की प्लॅस्टिसिन, म्हणजे दुकानात मिळणारी रंगीत, मऊ माती, इथे एका शिक्षिकेचं घोडं अडलं. ‘बुद्धीला चालना देणारी’ वगैरे वेष्टनावरची विशेषणं बाजूलाच ठेवू.

खर्चात चिकणमाती स्वस्त, वादच नाही. पण वाळली की ती आक्रसते, तडकते. प्लॅस्टिसिनमध्ये पाण्याऐवजी तेलकट घटक असतात, म्हणून ते वाळत नाही, पुन्हा पुन्हा वापरता येतं. रंग मात्र एकदा मिसळले की वेगळे होत नाहीत, आणि वर्गात ते मिसळतातच!

खरा फरक प्रयोगात. प्लॅस्टिसिनचा गोळा पाण्यात बुडतो. त्याचीच पातळ, पसरट वाटी केली की तरंगते. वजन तेच, बाजूला सारलेलं पाणी जास्त. कच्च्या चिकणमातीची वाटी भिजून ढासळेल. भूस्तरांचे रंगीत थर रचून, बाजूंनी दाबून वळ्या पाडायच्या आणि दोऱ्याने छेद घ्यायचा, तर तेही प्लॅस्टिसिननेच सोपं. उलट बाष्पीभवन, आकुंचन, धूप हे चिकणमाती स्वतःच शिकवते. पसारा आवरायची तयारी हवी.

पेशीचे छेद, थर, तरंगणं आणि वर्षभर तोच साठा पुरवायचा असेल तर प्लॅस्टिसिन घ्या. मोठा वर्ग, हात आखडता आणि धडे माती-पाण्याचेच असतील तर चिकणमाती.