निवडणूक प्रशिक्षण: दिल्लीची संस्था की तालुक्याचे सभागृह?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मिळून विधानसभेचे २० मतदारसंघ आहेत आणि निवडणुकीच्या तयारीत प्रत्येक मतदारसंघासाठी प्रमुख प्रशिक्षक नेमावे लागतात. अशा वेळी ज्या शिक्षकाला, विस्तार अधिकाऱ्याला किंवा नायब तहसीलदाराला दिल्लीच्या संस्थेत जाऊन शिकण्याची संधी मिळते आणि जावे की जिल्ह्यातच प्रशिक्षण घ्यावे असा प्रश्न पडतो, त्याच्यासाठी हा आढावा आहे. केंद्राध्यक्ष, म्हणजे मतदान केंद्राचा प्रमुख अधिकारी, आणि प्रशिक्षक अशी दोन्ही कामे मी केली आहेत. माझे मत असे की, पुढे आपल्या हातून कोणते काम होणार आहे हे पाहूनच निवड करावी.

दिल्लीतील द्वारका येथील ही संस्था, म्हणजे आयआयआयडीईएम (इंडिया इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डेमोक्रसी अँड इलेक्शन मॅनेजमेंट), भारत निवडणूक आयोगाने २०११ मध्ये स्थापन केली. राष्ट्रीय पातळीवरचे प्रमुख प्रशिक्षक तिथे तयार होतात, ते राज्याच्या आणि जिल्ह्याच्या प्रशिक्षकांना शिकवतात, त्यांच्याकडून विधानसभा मतदारसंघाचे प्रशिक्षक शिकतात आणि शेवटी ते ज्ञान मतदान पथकांपर्यंत पोहोचते. तिथले सर्वांत मोठे देणे म्हणजे नियमामागचे कारण समजते. मतदान चालू असताना कंट्रोल युनिट (मते साठवणारा भाग) किंवा बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो तो भाग) बिघडले तर संपूर्ण संच बदलावा लागतो, मात्र केवळ व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी दाखवणारे यंत्र, बिघडले तर तेवढेच बदलायचे असते. संपूर्ण संच बदलल्यावर नोटासह प्रत्येक उमेदवाराला एकेक मत देऊन पुन्हा अभिरूप मतदान (यंत्र तपासण्यासाठीचे चाचणी मतदान) घ्यावे लागते, पण फक्त व्हीव्हीपॅट बदलले तर ते घ्यायचे नसते. हे नुसते पाठ केलेला माणूस ऐन गर्दीत गोंधळतो. नवे कंट्रोल युनिट रिकामे आणि अचूक आहे हे उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसमोर सिद्ध करायचे असते, हे ज्याला उमजले आहे त्याला पुस्तिका उघडावी लागत नाही.

तालुक्याच्या सभागृहात जे शिकता येते ते हाताने शिकायचे असते, आणि मतदान केंद्रावरच्या चुका बहुधा हातूनच होतात. एका प्रशिक्षणात जिल्हा परिषद शाळेतील एक ताई यंत्रापुढे बसल्या होत्या. अभिरूप मतदानाची किमान ५० मते टाकून झाली, त्यांनी 'क्लोज' दाबले, 'रिझल्ट' दाबले, सर्वांचे आकडे वहीत नीट उतरवून घेतले आणि समाधानाने यंत्र बंद केले. चाचणीची मते पुसणारे 'क्लिअर' राहिले होते. प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी असे झाले असते तर ती ५० मते खऱ्या मतांत मिसळली असती, मतमोजणीला नमुना १७-ग (केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब) मधील आकड्याशी मेळ बसला नसता आणि ते यंत्र बाजूला ठेवावे लागले असते. मी त्यांना तीच क्रिया पुन्हा चार वेळा करायला लावली, व्हीव्हीपॅटमधील चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात मोहोरबंद करण्यापर्यंत. पाचव्या वेळी त्यांचे बोट आपोआप 'क्लिअर'कडे गेले. हे दिल्लीहून आणता येत नाही.

मात्र तालुक्याचे प्रशिक्षण नेहमी असे होत नाही, हेही मनापासून सांगितले पाहिजे. मोठ्या सभागृहात शेकडो कर्मचारी, व्यासपीठावर एकच यंत्र आणि मागच्या रांगांना पडद्यावरची अक्षरेही न दिसणे, असा अनुभव मी स्वतः घेतला आहे. त्या दिवशी हजेरी लागली, पण यंत्राला हात कोणाचाच लागला नाही. वरून चार पायऱ्या उतरत आलेले ज्ञान अशा जागी जवळजवळ संपून जाते. म्हणून तालुक्याचा पर्याय निवडण्यापूर्वी एका यंत्रामागे किती माणसे बसणार आहेत, एवढे अवश्य विचारावे.

खानदेशासाठी आणखी एक गोष्ट वजनदार आहे. अक्कलकुवा तालुक्यात नर्मदाकाठी मणिबेली आहे, जिथे राज्यातील पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र असते आणि पथकाला बोटीने जावे लागते. तिथे राखीव यंत्र लगेच पोहोचत नाही, म्हणून जोडणी करताना कंट्रोल युनिट बंद ठेवणे आणि व्हीव्हीपॅटच्या मागचा, कागदाच्या गुंडाळीचा खटका प्रवासात आडवा व मतदानाला उभा करणे, या साध्या गोष्टींना सपाटीवरच्या केंद्रापेक्षा कितीतरी अधिक महत्त्व येते. शिवाय मतदाराशी पावरीत, भिलीत किंवा अहिराणीत बोलावे लागते. या गरजा जिल्ह्यातला प्रशिक्षकच ओळखतो. २०२४ च्या लोकसभेचे मतदान आपल्याकडे १३ आणि २० मे रोजी झाले. त्या उन्हात पथकाला काय सोसावे लागते, हेही इथल्यालाच ठाऊक असते.

नगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तेथील कार्यपद्धती वेगळी असते, त्यामुळे ज्याला केवळ तेच काम करायचे आहे त्याने दिल्लीचा विचार करू नये.

सहायक निवडणूक निर्णय अधिकारी होणाऱ्याने किंवा पुढची काही वर्षे प्रशिक्षक म्हणून राहणाऱ्याने दिल्लीला जावे, कारण छाननी, आक्षेप आणि मतमोजणी यांत कारण ठाऊक असल्यावाचून निर्णय घेता येत नाही. केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकाऱ्यांनी तालुक्यातच शिकावे, पण यंत्र स्वतः जोडून पाहिल्याशिवाय सभागृहातून उठू नये. दिल्लीला जाणाऱ्याने निघण्यापूर्वी आपल्या कार्यालयाला स्पष्ट विचारून घ्यावे, की परतल्यावर आपल्याला प्रशिक्षकाचेच काम मिळणार आहे ना. नाही असे उत्तर आले, तर ती जागा ज्याला हे काम मिळणार आहे अशा सहकाऱ्याला द्यावी.