बीसीजीचे सहा बुधवार : परळच्या एका डे-केअरचा अनुभव

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तक्रार करायची आहे आणि अजून तीन वर्षं तिथेच जायचंय.

मे महिन्यात लघवी लाल झाली. दुखत काहीच नव्हतं. ही म्हणाली, उन्हाळी लागली असेल. धण्याचं पाणी प्यायलो, लाली गेली, पंधरा दिवसांनी परत आली. असं करत आषाढ गेला. दुर्बिणीने पाहिलं तर मूत्राशयात गाठ. ती खरवडून काढली. कॅन्सर हाय-ग्रेड, म्हणजे झपाट्याने वाढणारा निघाला, पण स्नायूपर्यंत गेला नव्हता, म्हणून बीसीजी ठरलं.

बीसीजी म्हणजे पोराच्या दंडावर टोचतात तेच. गुरांच्या क्षयाचा जंतू, काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तेरा वर्षं वाढवून वाढवून बोथट केलेला. लस म्हणून तो १९२१ पासून वापरात आहे. मूत्राशयाच्या कॅन्सरवर दिल्याचा पहिला अहवाल १९७६ चा. बारीक नळीने औषध आत सोडतात आणि दोन तास लघवी धरून ठेवायची. आठवड्याला एक, असे सहा डोस. देणाऱ्या सिस्टरचा हात इतका हलका की नळीची भीती पहिल्याच दिवशी गेली. रात्री जळजळ, थोडी कणकण, दुसऱ्या दिवशी ठीक. इथपर्यंत पैकीच्या पैकी.

आता तक्रार. औषधातले जंतू लघवीतून बाहेर पडतात, म्हणून हातात कागद देतात : सहा तास बसूनच लघवी करा, दर वेळी भांड्यात ब्लीच ओता, पंधरा मिनिटांनी पाणी सोडा. आम्ही लालबागला चाळीत राहतो, मजल्याला चार संडास. एक पंधरा मिनिटं अडवून ठेवायचा म्हणजे काय, हे कागद लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलेलंच नाही. ब्लीचची बाटली घेऊन मी पुढे, दाराशी राखण करायला ही मागे. तिसऱ्या बुधवारी अख्ख्या मजल्याला माझा आजार कळला. सिस्टर म्हणाली, "काका, इथेच थांबत जा." पण डे-केअर पाचला बंद, आणि अडीचचा डोस साडेतीनला मिळतो. हिशेब तुम्हीच करा.

तिथे एक संशोधनही चालू आहे. त्या कामावरची एक मुलगी आठ पानांचा मराठी फॉर्म घेऊन आली. नाही म्हटलं तरी उपचार तेच मिळतील, हे तिने दोनदा सांगितलं. मग विचारलं, "पूर्वी काय काम करायचात?" तोवर सगळ्यांनी बिडीच विचारली होती. ती ओढायचोच, खोटं कशाला सांगू. पण एकोणिसाव्या वर्षापासून १९८२ च्या संपापर्यंत मी गिरणीच्या रंगखात्यात होतो. हातमोजे होते का? मी हसलो. कोपरापर्यंत निळे हात घेऊन जेवायला बसायचो आम्ही. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात, हे जर्मनीतल्या रेन नावाच्या सर्जनने १८९५ मध्येच सांगितलं होतं, असं तिच्याकडूनच कळलं. आमच्या जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, कोण सांगणार! तिने गिरणी, खातं, वर्षं सगळं लिहून घेतलं. अर्धा तास गेला, पण तो या दवाखान्यातला सगळ्यात चांगला अर्धा तास.

पुतणी गुरांच्या डॉक्टरकीला आहे. ती म्हणाली, काका, हा आजार मासेमार मांजर नावाच्या रानमांजरांनाही होतो. प्राणिसंग्रहालयातल्या अशा चार मांजरांचा अहवाल २००४ साली छापून आलाय. त्यांना कोण काय विचारणार? पिंजऱ्याच्या फरशीवर लाल डाग दिसला तर राखणदाराने ओळखायचं. माझी फरशी मला दिसत होती, तरी मी धण्याचं पाणी पीत बसलो. दोन तास धरून ठेवायचे तर राणीच्या बागेत एखाद्या बाकावर बसावं म्हणून निघालोही होतो एकदा. बुधवारी बाग बंद.

जाणार असाल तर सकाळची पहिली वेळ मागा, म्हणजे निदान पहिल्या लघव्या तिथल्या संडासात होतात. ब्लीच घरून न्या, खालच्या दुकानात दुप्पट घेतात. आणि पूर्वी कुठे काम केलंय ते कोणी विचारलं नाही तरी सांगा. माझी पुढची दुर्बीण डिसेंबरात आहे. या वेळी मंगळवार मागून घेतलाय.