मेस कॉन्ट्रॅक्टरला द्यायची, मुलांनी चालवायची की पैसे खात्यात टाकायचे?

अनुदान कमी आलंय, फी वाढवली तर निम्मी मुलं घरी बसतील, आणि नवीन वर्ष सुरू व्हायच्या आत हॉस्टेलचं आणि मेसचं काय ते ठरवायचंय, अशा जागी जे कोणी असतील त्यांच्यासाठी हे लिहितेय, मग ते रेक्टर असोत, कमिटीतले सर-मॅडम असोत नाहीतर विद्यार्थी प्रतिनिधी. शिकताना मी दोन वर्षं मेस सेक्रेटरी होते आणि पुढे मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर म्हणून बरीच वर्षं काढली, त्यामुळे तिन्ही पद्धती स्वयंपाकघरात उभं राहून बघितल्यात.

सगळ्यात आधी कॉन्ट्रॅक्टर, कारण पैसे कमी पडले की पहिलं तेच सुचतं. टेंडर काढलं, ज्याचा दर सगळ्यात कमी त्याला काम दिलं, झालं. आचारी त्याचा, गॅस त्याचा, किराणा त्याचा, पहाटे मावशी आली नाही तर बदली शोधायचं टेन्शनही त्याचंच. हे सुख खरंच मोठं आहे, मी ते नाकारत नाही, तीनशेच्या वर मुलं असतील तर याला फारसा पर्यायही नाही. पण दर कमी भरलाय म्हणजे तो पैसा कुठून तरी निघणार, आणि तो तेलातून, डाळीतून नाहीतर पोळ्या लाटणाऱ्या बायकांच्या पगारातून निघतो.

आमच्याकडे एका वर्षी असंच झालं. पहिले दोन-तीन महिने जेवण झकास, दिवाळीच्या सुट्टीनंतर वरण पातळ व्हायला लागलं. एक मुलगी वाटी घेऊन थेट ऑफिसात आली, काही बोलली नाही, टेबलावर वाटी ठेवली आणि समोर बसून राहिली. दहा मिनिटांत तळाला बोटभर डाळ आणि वर नुसतं पिवळं पाणी. मग मी कोठीघरात जाऊन हिशेब केला, माणशी चाळीस ग्रॅम कोरडी डाळ धरली तरी १३० मुलींना एका वेळेला ५ किलोच्या वर लागते, आणि शिजत होती अडीच. त्या माणसाला दोष देऊन भागत नाही, आम्ही करारात मेनू लिहिला होता, वजन लिहिलंच नव्हतं. भाव वाढले की मेनू तोच ठेवून माप कमी करायचं, एवढाच मार्ग त्याच्या हातात उरतो.

दुसरी गोष्ट जीएसटीची, ही बऱ्याच कमिट्यांच्या लक्षातच येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने खुलासा केला त्याप्रमाणे संस्था स्वतः आपल्या विद्यार्थ्यांना जेवण देत असेल तर ते करमुक्त, आणि बाहेरचा कोणी देत असेल तर ५ टक्के. ताटाचे महिन्याला ३,००० धरा, म्हणजे १५० रुपये कर, दहा महिन्यांचे १,५००, आणि १३० मुलींचे मिळून १ लाख ९५ हजार. एवढ्यात एका मदतनीसाचा वर्षाचा पगार निघू शकतो. आपली मेस नेमकी कुठल्या बाजूला मोडते ते सीएकडून लेखी घ्या.

आता मुलांनी चालवायची मेस. आचारी, हाताखालचा एक माणूस आणि पोळ्यांच्या मावशी हॉस्टेलच्या पगारावर, किराणा-भाजी मुलांची कमिटी आणणार, आणि महिन्याचा सगळा खर्च भागिले ताटं. ज्याचे जेवढे खाडे तेवढं त्याचं बिल कमी. आपल्याकडे ही काही नवी कल्पना नाही, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातीची मुलं एका पंगतीत जेवत होती आणि कामाचा वाटाही उचलत होती.

इथे बचत नुसती कॉन्ट्रॅक्टरचा नफा वाचतो म्हणून होत नाही, खरी बचत बाजारातून होते. मी आणि कमिटीतली एक मुलगी पहाटे साडेपाचला भाजी बाजारात जायचो, टोमॅटो कडाडला असेल तर त्या आठवड्यात टोमॅटो बंद आणि आमटीला चिंच-गूळ, मेथीच्या जुड्या स्वस्त लागल्या की दोन दिवस मेथी, थंडीत मटार. कागदावरचा मेनू असं वळू शकत नाही, आणि स्वतः आणलेली भाजी मुली ताटात टाकून देत नाहीत हे मी रोज खरकट्याच्या बादलीत बघत होते.

पण ही मेस परीक्षेत अडते. एप्रिल आला की कोण बाजारात जाणार, वह्या कोण लिहिणार, आणि जुनी सेक्रेटरी पास होऊन गेली की नवीन मुलीला किराणावाल्याची उधारीसुद्धा माहीत नसते. पैशावरून मैत्रिणी तुटलेल्या मी बघितल्यात, आणि बहुतेक वेळा कुणी पैसे खाल्लेले नसायचे, नुसती पावती हरवलेली असायची. म्हणून दोन सह्यांशिवाय पैसे काढायचे नाहीत, दर शनिवारी खर्च आणि ताटं नोटीस बोर्डवर लावायची, आणि हिशेबाचं काम फुकट करून घ्यायचं नाही. तुमच्याकडे कमवा व शिका योजना असेल तर हे काम त्यात बसतं का ते आधी विचारा, ज्या मुलीला पैशाची गरज आहे तिला तासाचे पैसेही मिळतात आणि वहीसुद्धा नीट राहते. शंभर-दीडशे मुलांपर्यंत माझा कौल याच पद्धतीला आहे. अडीचशेच्या पुढे मात्र खरेदी हेच पूर्णवेळ काम होऊन बसतं, तिथे मुलांवर टाकू नका.

तिसरा पर्याय मेस बंद करून पैसे खात्यात. कागदावर हा सगळ्यात स्वच्छ दिसतो. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांसाठी हेच ठरवलं तेव्हा त्याविरोधात विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. ती मुलं का चिडली ते समजून घ्यायला हिशेब पुरतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना जेवणाचे-राहण्याचे पैसे खात्यात देणारी समाजकल्याणची स्वाधार योजना २०१६-१७ ला आली तेव्हा मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत जेवणाचे वर्षाला ३२,००० धरले होते. दहा महिन्यांनी भागलं तर महिन्याला ३,२००, म्हणजे दिवसाला शंभरच्या थोडे वर, त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता आणि चहा. हप्ता वेळेवर आला तरी ओढाताण, आणि लांबला तर खानावळवाला किती दिवस थांबणार? त्यात घरून फोन आला की भावाची फी भरायची आहे, तर मुलगी एक वेळ वडापाववर काढते आणि पैसे घरी पाठवते. मी अशा मुली पाहिल्यात, त्यांना कितीही समजावलं तरी त्या तेच करणार. शिवाय रात्री आठनंतर जेवायला बाहेर जायचं म्हणजे गेटच्या वेळेचा प्रश्न वेगळाच. सदाशिव पेठेसारखी जागा असेल, पावलोपावली खानावळी असतील आणि हॉस्टेल तीस-चाळीस मुलांचं असेल तर चालेल, गावाबाहेरच्या कॅम्पसवर अजिबात नाही.

खोल्यांचं थोडक्यात सांगते. दोघांच्या खोलीत तिसरी कॉट टाकली की पैसे लगेच दिसतात, पण संडास-बाथरूम तेवढेच राहतात आणि पाण्याची टाकी लवकर रिकामी होते, त्यामुळे कॉट टाकायच्या आधी सकाळी सात वाजता बाथरूमची रांग मोजा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुढे ढकलू नका, एका पावसाळ्यात गाद्या आणि वायरिंग दोन्ही जातं. वाचवायचंच असेल तर मे महिन्यात रिकाम्या खोल्या शिबिरांना भाड्याने देता येतात, त्यातून निदान रंगाचा खर्च निघतो. पाण्याची टाकी धुणं, फिल्टर आणि आचाऱ्याचा पगार, या तीन गोष्टींना हात लावू नका. आचारी पाचशे रुपयांसाठी सोडून गेला की नवीन माणसाचा हात बसेपर्यंत महिनाभर भात वाया जातो.

आणि शेवटी कॉन्ट्रॅक्टरकडेच जायची वेळ आली तर करारात डाळ, तेल, दूध माणशी किती ग्रॅम ते लिहा, खाडा आदल्या रात्रीपर्यंत सांगितला तर पैसे कापले जातील हे लिहा, स्वयंपाकघरात मेस कमिटीला केव्हाही जाता येईल हे लिहा, आणि सही करायच्या आधी तो आत्ता जिथे मेस चालवतोय तिथे न सांगता दुपारी जाऊन मुलांच्या रांगेत उभं राहून जेवून या, शक्यतो महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात.